धान्य मोजले नव्हते

अहेरीत आमच्या घराला 'बसरावाले' म्हणत. आडनाव शेख; पण अहेरीत शेख काही एकच नव्हते. कुणी पाहुणा स्टँडवर उतरून शेखांचे घर विचारू लागला, की पानवाला विचारायचा, "कोणते शेख? बसरावाले का?" लहानपणी आम्हा भावंडांना वाटे, की गोदावरीच्या काठी, सिरोंच्याच्या वरच्या अंगाला सरस्वतीचे बासर आहे ना, तिथूनच आमचे घराणे आले असेल. शाळेतल्या गुरुजींनाही तसेच वाटे. खरा बसरा समुद्रापलीकडे इराकात आहे, आणि आमचे पणजोबा तिथे फिरायला नव्हे तर लढायला गेले होते, हे आम्हांला बऱ्याच उशिरा कळले.

पणजोबांना घरात सगळे बडे अब्बा म्हणत. ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. सरकारच्या मराठा पलटणींत त्या काळी मराठा शिपायांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. बडे अब्बा अशाच एका कंपनीत भरती झाले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि पुणे डिव्हिजन जहाजात बसून बसऱ्याला गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बडे अब्बा गेले ते पाच वर्षांनी परत आले. तोवर गावची जमीन भावांनी वाटून घेतली होती. कुणाच्या तरी ओळखीने जंगल खात्यात नोकरी मिळाली आणि ते चांदा जिल्ह्यातल्या आलापल्लीला नाकेदार म्हणून आले. सागवानाच्या त्या जंगलात आमच्या घराण्याने मूळ धरले ते असे.

आमच्या जन्माआधीच ते अल्लाला प्यारे झाले. त्यांच्या मागे घरात तीन वस्तू राहिल्या. १९१४-१५ असे कोरलेला कांस्याचा एक तारा, एक लोखंडी पायली आणि एक वाक्य. तारा पेटीत असे. पायली मात्र रोजच्या वापरात होती. दादी सांगत, बडे अब्बा रोज इशाच्या नमाजनंतर कंदील घेऊन कोठीपाशी जात, आत हात घालून धान्य किती खोल गेले ते बघत आणि मगच निजत. घरात दोन बैलगाड्या भात आला असला तरी त्यात खंड नसे. लढाईविषयी कुणी काही विचारले तर एकच वाक्य बोलत, "अनाज गिने नै थे." धान्य मोजले नव्हते. पुढे काही नाही.

हे वाक्य आम्हांला म्हातारपणाची बडबड वाटे. त्याचा अर्थ आम्हांला आधी भामरागडने शिकवला. पुस्तकांनी तो फार नंतर सांगितला.

आमच्या अब्बांचे भामरागडला रेशनचे दुकान होते. भामरागड म्हणजे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमावरचे गाव. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाई आणि गाव बाकीच्या जगापासून तुटे. एकदा तुटले की कधी दोन दिवस, कधी दहा दिवस. आतल्या माडिया पाड्यांचे तर विचारूच नका. म्हणून मृग लागायच्या आत पावसाळाभराचे धान्य नदीपलीकडे पोचवायचे, ही तिथली रीतच. अब्बा मे महिन्यात घरी आम्हांला दिसतच नसत. ट्रक कुठवर आला, कोणत्या नाल्यात रुतला, किती पोती भिजली, हाच त्यांचा विचार. ते म्हणत, "नदीला तारीख कळत नाही. तिला आपला कागद दाखवून काय फायदा?"

एका वर्षी शहरातून नवीन साहेब आले. माणूस सज्जन होता, कामाचा होता. त्यांनी कागदावर हिशेब केला, की अर्धे धान्य मे महिन्यात नेऊ आणि अर्धे जुलैत. वाहतुकीचा खर्च वाचेल. अब्बांनी सांगून पाहिले. साहेबांनी नकाशा काढला आणि रस्ता दाखवला. नकाशात रस्ता होताच. त्या वर्षी पाऊस लवकर आला. ट्रक नदीच्या अलीकडे उभे आणि माणसे पलीकडे. अब्बांनी कार्डावर लिहिलेल्यापेक्षा निम्मेच धान्य द्यायला सुरुवात केली. लोक चिडले, शिव्याही दिल्या. पण ते निम्मे धान्य पाणी ओसरेपर्यंत पुरले. लोकांनी कंदमुळे उकडली, साठवलेली मोहफुले काढली. त्या पावसाळ्यात आमच्या घरीही एकच वेळ चूल पेटे. रात्री अब्बा पायली घेऊन पोत्यांपाशी बसलेले असत. तेव्हा अम्मी पहिल्यांदा म्हणाल्या, "तुम्ही अगदी बडे अब्बांसारखे दिसता."

पुढे आम्ही शिक्षणासाठी चंद्रपूरला आलो, तिथेच नोकऱ्यांना लागलो. वाचनाचा नाद होता. हाती येईल ते पुस्तक चाळता चाळता पहिल्या महायुद्धाचा इतिहास हाती आला आणि त्यात 'कूत-अल-अमारा' हे नाव भेटले. बडे अब्बांचे वाक्य तिथे छापलेले नव्हते, पण पानापानांत तेच होते.

त्या महायुद्धात चुकांची कमतरता नव्हती. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर हजारो माणसे उतरवून पुढे काय करायचे ते नीट ठरले नाही. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ब्रिटिश फौजेचे एका दिवसात ५७ हजारांवर लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. पण या साऱ्या चुका आम्हांला परक्या वाटल्या. कूतची चूक आमच्या कोठीतली होती.

हकीकत थोडक्यात अशी. पुणे डिव्हिजनने १९१४ च्या नोव्हेंबरात बसरा घेतले. तेलाचे रक्षण करावे, एवढेच मूळ काम होते. पण विजय मिळत गेले तसतसा जनरल निक्सन यांचा लोभ वाढत गेला. जून १९१५ मध्ये अमारा पडले, सप्टेंबरात कूत. आता बगदाद का नको? दजला नदीच्या वळणावळणांच्या वाटेने बसरा शेकडो मैल मागे राहिले होते. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, बसऱ्याला धड धक्काही नव्हता. सगळा भार नदीतल्या बोटींवर, आणि बोटी गरजेच्या मानाने फारच थोड्या. आघाडीवरचे सेनापती जनरल टाउनशेंड यांना हे दिसत होते. त्यांनी शंका लिहून ठेवली, आणि हुकूम आल्यावर पुढे गेले. गॅलिपोलीच्या अपयशाने लंडनच्या मंत्र्यांना कुठून तरी एखादी आनंदाची बातमी हवी होती. परवानगी मिळाली.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी सलमान पाकजवळ लढाई झाली. हजरत सलमान फारसी यांची मजार तिथे आहे. इंग्रज त्या जागेला टेसिफोन म्हणतात. नुरुद्दीन यांच्या तुर्की फौजेने वाट अडवली. टाउनशेंड यांचे साडेचार हजारांवर लोक कामी आले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीपर्यंत नेले आणि बोटींत दाटीवाटीने भरून बसऱ्याला पाठवले. औषधे नाहीत, मलमपट्टी नाही. उरलेली फौज मागे फिरली आणि ३ डिसेंबरला कूतमध्ये शिरली. चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला.

इथे बडे अब्बांचे वाक्य येते. टाउनशेंड यांनी आधी कळवले, की गोऱ्या शिपायांना महिनाभर आणि हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल एवढे धान्य आहे. गावात लोकांच्या घरी काय आहे ते त्यांनी पाहिलेच नव्हते. तार मिळताच सुटकेसाठी निघालेल्या जनरल एल्मर यांची घाई झाली. तोफा पुऱ्या नाहीत, दवाखाना मागे, निम्मी फौज अजून नदीत, अशा स्थितीत त्यांनी जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना येथे एकामागून एक हल्ले केले. हजारो लोक चिखलात पडले. आणि जानेवारी सरता सरता कूतमधून दुसरा हिशेब आला. घरोघर झडती घेतली, धान्य निघाले, घोडे-खेचरेही आहेत, एप्रिलपर्यंत टिकू. हा हिशेब पहिल्या आठवड्यात झाला असता तर एल्मर यांना तयारीला वेळ मिळाला असता.

८ मार्चच्या पहाटे तर नशिबाने दार उघडून दिले होते. सुटकेची फौज रात्रभर चालून दुजैला येथील तुर्कांच्या मोर्चासमोर पोचली. मोर्चा जवळजवळ रिकामा होता. चालून जायचे तेवढे बाकी होते. पण आदल्या दिवशीच्या कागदावर 'आधी तोफांचा मारा, मग हल्ला' असे लिहिले होते. म्हणून फौज थांबली. तोफा लागल्या, त्या धडाडल्या, तुर्क जागे झाले आणि धावत येऊन मोर्च्यात बसले. संध्याकाळपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास लोक कामी आले किंवा जखमी झाले. हे वाचले तेव्हा आम्हांला भामरागडचा तो नकाशा आठवला. कागद खोटा नव्हता. समोर दिसत होते त्यापेक्षा कागदाला मोठे मानले, एवढेच.

आत कूतमध्ये भूक होती. घोड्याचे मांस होते, पण हिंदी शिपाई ते खाईनात. हनफी मसलकात ते मकरूह, शाफईंच्या मते जायज. हिंदू शिपायांना तर गावी परतल्यावर जात वाळीत टाकील याची धास्ती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी पुष्कळांचे मन होईना. एप्रिल उजाडला, जवाचे पीठ माणशी काही औंसांवर आले, तेव्हा लोक खाऊ लागले. तोवर हिंदी शिपायांत स्कर्व्हीने आणि गोऱ्यांत बेरीबेरीने मुक्काम केला होता.

दादींनी एकदा धीर करून बडे अब्बांना विचारले होते, की तुम्ही खाल्ले का? ते म्हणाले, "खाया. जिसने नै खाया, उसको मैं मिट्टी दिया." तो शेजारच्या गावचा मराठा शिपाई होता, दोघे एकाच दिवशी भरती झाले होते. परत आल्यावर बडे अब्बा स्वतःच्या घरी जाण्याआधी त्याच्या घरी गेले आणि ताप येऊन गेला, असे सांगितले. भुकेने गेला हे त्याच्या आईला कसे सांगायचे? आणि जात राखण्यासाठी गेला हे तरी कसे सांगायचे?

२९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनंतर, कूत शरण गेले. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. त्यांना सोडवायला गेलेल्या फौजेचे २३ हजार लोक त्याआधीच मेले होते किंवा जखमी झाले होते. म्हणजे वाचवायच्या माणसांपेक्षा वाचवणारेच जास्त पडले. अखेरच्या दिवसांत इंग्रज सरकारने खलील पाशांना सोन्याची लाचही देऊ केली. त्यांनी ती नाकारली. कैद्यांना उन्हात वाळवंटातून चालवत नेले आणि अनेकांना रासुलऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपले. हजारो परतलेच नाहीत. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात राहिले, कैदेत असतानाच त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९२० साली ते पार्लमेंटात निवडून आले.

चूक टाळता येत नव्हती, असे कुणी म्हणू नये. पुढे जनरल मॉड आले. त्यांनी आधी बसऱ्याचे धक्के बांधले, रूळ टाकले, बोटी वाढवल्या, दवाखाने उभे केले आणि मगच पाऊल उचलले. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. नदी तीच, वाळवंट तेच आणि शिपाईही याच मुलखातले. फरक फक्त मोजण्याचा होता.

आता एक गोष्ट आपसांतली म्हणून बोलतो. बडे अब्बा परतले तेव्हा खिलाफत चळवळ सुरू झाली होती. नातलगांतच काही म्हणत, की हा खलिफाच्या फौजेवर गोळी झाडून आला. बसऱ्यात फेब्रुवारी १९१६ मध्ये १५ व्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी पवित्र स्थळांच्या भूमीत मुसलमानांवर चालून जायला नकार दिला होता आणि त्यांना शिक्षा झाल्या होत्या. बडे अब्बांनी नकार दिला नव्हता. सलमान पाकच्या मजारीचा घुमट समोर दिसत असताना ते लढले. त्याचा सल त्यांना होता की नव्हता, हे आम्हांला ठाऊक नाही. एका बाजूने हा टोमणा आणि आता शंभर वर्षांनी दुसऱ्या बाजूने दुसरा, की तुमच्या लोकांनी देशासाठी केले काय? आमच्या पेटीतला तारा दोघांपैकी कुणाचेच समाधान करत नाही. आणि करावे तरी का? तो शिपाई ना खलिफाच्या विरुद्ध गेला होता, ना इंग्रजाच्या प्रेमाने. तो पगारासाठी गेला होता, दिलेला शब्द पाळत होता आणि भुकेला होता. त्याला कुणी विचारले नव्हते. त्याची भाकरी मोजण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती मोजली नाही. गुन्हा असलाच तर तो तिथे आहे.

विलायतेत चौकशी आयोग बसला, १९१७ साली अहवाल आला, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. कागदावर न्याय झाला. बसऱ्याला मोठे स्मारक उभे राहिले. भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची नाहीत. २०२१ साली युद्धस्मारकांच्या आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. वाचून बरे वाटले. पण ज्या आईला ताप येऊन गेला असे सांगितले होते, तिला ती माफी कोण वाचून दाखवणार?

या जुन्या गोष्टी आज उकरून काढायचे कारण घरातच आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. आदल्या रात्री दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती. तिकडे निघालेल्या जलद प्रतिसाद पथकाचे पंधरा जवान खासगी गाडीत होते. पंधराही गेले आणि गाडीचा चालकही गेला. त्यांत बीडकडचा एक मुसलमान तरुण होता, आणि गडचिरोलीच्या गावांतली पोरे होती. रस्ता आधी तपासला होता का, सगळ्यांना एकाच गाडीत का बसवले, हे प्रश्न तेव्हा गावागावांत विचारले गेले. कूतची लढाई कुठे आणि हे कुठे. तुलना करू नये हे आम्हांला कळते. पण हुकूम देणारा एका जागी आणि रस्ता दुसऱ्या जागी, हे अंतर तेच आहे.

आमचा पुतण्या त्या वेळी पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाच वाजता धावायला जायचा. स्फोटाच्या दिवशी अम्मींनी त्याचे बूट लपवून ठेवले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो अम्मींच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "दादी, मी नाही गेलो तर दुसऱ्या कुणाचा पोरगा जाईल. त्याची दादी बूट लपवणार नाही का?" अम्मींनी बूट काढून दिले. आम्हांला मात्र काही बोलता आले नाही. बडे अब्बांचा तारा दाखवून त्याला शाबासकी द्यावी की कूतची गोष्ट सांगून अडवावे, हे आमचे आम्हांलाच ठरवता येईना.

तो भरती झाला. जंगलातल्या एका ठाण्यावर नेमणूक झाली. निघण्याच्या रात्री आम्ही त्याला सारी हकीकत सांगितली. टाउनशेंड यांची तार, एल्मर यांची घाई, दुजैलाचा रिकामा मोर्चा. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारले, "चाचा, मी तर शिपाई. मी काय मोजणार? मोजणारे वरचे." याला उत्तर नव्हते. उत्तर अम्मींनी दिले. त्या म्हणाल्या, "बेटा, साहेबाचा हुकूम मान. पण तुला जे डोळ्यांनी दिसते ते त्यांना सांग. नाला भरला असेल तर भरला म्हण. तुझे दादा एका साहेबांना सांगत होते. त्यांनी ऐकले नाही, पण दादांनी सांगायचे सोडले नाही आणि स्वतःची पोती मोजायचेही सोडले नाही."

आता दिवस थोडे पालटले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात भूपती या नक्षलवाद्यांच्या मोठ्या नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जंगलात शांतता नांदो, ही आमची दुआ आहे. तरी मृग जवळ आला की अम्मी पुतण्याला फोन लावायला सांगतात. तब्येत विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत.

"ठाण्यात धान्य किती दिवसांचे आहे?"

तो सांगतो, "दादी, चाळीस दिवसांचे."

"कागदावर की कोठीत?"

पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मग तो हसून म्हणतो, "थांबा, बघून सांगतो." आणि खरोखरच उठून बघायला जातो.